तीन दिवसांची हमी आणि चौथ्या दिवशी आलेले कार्ड

गेल्या ऑक्टोबरात मी माझा निकॉन डी ५६०० हा कॅमेरा, त्याच्या दोन्ही लेन्स आणि वर ८,००० रुपये देऊन एक जुना निकॉन डी ७०० घेतला आणि त्या व्यवहारात पुरता फसलो. जुन्या कॅमेऱ्यांच्या खरेदीत माणसे सहसा दोन प्रकारे फसतात. आगाऊ पैसे पाठवून वस्तू येत नाही किंवा चोरीचा माल गळ्यात पडतो. माझ्या बाबतीत यातले काहीच घडले नाही. मला समोर बसवून, कॅमेरा हातात देऊन, "नीट तपासून घ्या सर" असे चारचारदा सांगून फसवण्यात आले, आणि त्या तपासणीला लागणारी प्रत्येक वस्तू समोरच्या माणसाचीच होती, हे माझ्या लक्षात यायला चार दिवस गेले.

मी साताऱ्याला राहतो आणि नोकरी सांभाळून हौसेने फोटो काढतो. कासच्या पठारावरची फुले, बावधनच्या बगाडाची गर्दी, नात्यातली चार-दोन लग्ने, इतकीच माझी मजल. डी ५६०० हा २०१६ साली बाजारात आलेला, नवशिक्यांसाठीचा हलका आणि गुणी कॅमेरा आहे आणि सहा वर्षांत त्याने मला एकदाही दगा दिला नव्हता. पण रात्रीच्या जत्रेतले फोटो कणीदार येत, लग्नात दुसऱ्या फोटोग्राफरच्या हातातला काळाभोर अवजड कॅमेरा पाहिला की आपले खेळणे पिशवीत ठेवून द्यावेसे वाटे, आणि "फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेतल्याशिवाय खरी फोटोग्राफी कळत नाही" हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकले होते की ते मला खरेच वाटू लागले होते. यातला मोहाचा भाग माझा आहे आणि तो मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही.

डी ७०० हे नाव त्या मोहाला अगदी सोयीचे होते. २००८ सालचा हा फुल फ्रेम कॅमेरा. निकॉनच्या त्या वेळच्या सर्वांत वरच्या डी ३ मधला १२.१ मेगापिक्सेलचा सेन्सर याच्यात आहे, बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, आणि तिचे नुसते वजनच जवळजवळ एक किलो भरते. त्याने काढलेल्या फोटोंच्या रंगांबद्दल आजही लोक हळव्या सुरात बोलतात. माझ्या कॅमेऱ्यापेक्षा तो आठ वर्षांनी जुना आणि मेगापिक्सेलच्या हिशेबात निम्मा असला, तरी ते मला दुय्यम वाटत होते.

जाहिरात "एक्सचेंज चालेल" अशी होती. फोनवर बोलणारा माणूस विषयातला जाणकार वाटला आणि तो तसा होताही. "तुमच्या दोन्ही लेन्स एएफ-पी आहेत ना सर? त्या डी ७०० वर चालणारच नाहीत. ठेवून काय करणार? त्याही द्या, मी तुम्हाला चालणारी ५० एमएम देतो," असे तो म्हणाला. मी खात्री करून घेतली तर ते खरे निघाले. एएफ-पी जातीच्या लेन्सची फोकसची व्यवस्था सगळी विजेवर चालते आणि डी ७०० तिला ओळखत नाही, त्यामुळे हाताने रिंग फिरवूनही उपयोग होत नाही. एवढी आतली गोष्ट ज्याने आपणहून सांगितली तो माणूस सरळ असणार, असा निष्कर्ष मी काढला. ती माहिती खरी होती, आणि तिच्याच जोरावर त्याने माझ्या दोन चांगल्या लेन्स काढून घेतल्या.

शटर काउंट, म्हणजे त्या बॉडीने आजवर किती फोटो काढले याचा आकडा, मी न चुकता विचारला. त्याने "फक्त ३८ हजार" असे सांगून लगेच मूळ फोटोची फाइल पाठवली. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो आणि एक्झिफटूलसारख्या मोफत साधनाने तो वाचता येतो. मी तो वाचला. ३८ हजारांच्या घरातच होता. डी ७०० चे शटर, म्हणजे फोटो घेताना उघडझाप करणारे झाकण, कंपनीने दीड लाख वेळा चालवून तपासलेले असते, म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक आहे, असा हिशेब मी मनाशी मांडला. त्याच नोंदीत, आकड्याच्या थोडे वर, बॉडीचा अनुक्रमांकही होता. तो मी पाहिला आणि पुढे गेलो, कारण तो कशाशी जुळवायचा हे त्या वेळी माझ्या हातात नव्हते आणि नंतर जेव्हा हातात आले तेव्हा आठवले नाही.

भेट पुण्यात, स्वारगेट एसटी स्थानकाजवळच्या एका चहाच्या हॉटेलात, संध्याकाळी साडेसहाला ठरली. वेळ त्याने निवडली होती. बाहेर अंधार पडला होता, आत दोन ट्यूबलाइट होत्या, आणि मला परतीची गाडी गाठायची होती. कॅमेरा दिसायला देखणा होता. पकडीचे रबर तर नवे कोरे दिसत होते आणि त्याला गोंदाचा किंचित वास येत होता. त्या काळच्या निकॉन कॅमेऱ्यांचे रबर कालांतराने फुगते आणि सुटते हे मला माहीत असल्यामुळे, मालकाने हौसेने नवे बसवून घेतले असेल, असे मला वाटले आणि मी त्याचे कौतुकही केले.

आता मुख्य गोष्ट. माझ्या डी ५६०० ला एसडी कार्ड लागते आणि डी ७०० ला कॉम्पॅक्टफ्लॅश. दोन्हींची बॅटरी वेगळी. त्याने दिलेली ५० एमएम लेन्स जुन्या डी प्रकारची, म्हणजे तिच्यात फोकसची मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरवर चालते आणि माझ्या डी ५६०० मध्ये तशी मोटरच नाही. म्हणजे मी पिशवीतून आणलेली एकही वस्तू त्या कॅमेऱ्याला लागू पडत नव्हती आणि त्याची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर लावून तिचा ऑटोफोकस पाहणेही शक्य नव्हते. सारी तपासणी त्याच्या कार्डावर, त्याच्या बॅटरीवर, त्याच्या लेन्सने आणि त्याने निवडलेल्या उजेडात झाली. मी टेबलावरच्या कपबशीचे, वेटरचे, ट्यूबलाइटचे असे वीस-पंचवीस फोटो काढले. त्या उजेडात कॅमेरा आपोआप एक साठांश, एक तीसांश सेकंद असा शटरचा संथ वेग निवडत होता आणि सगळे फोटो उत्तम आले. मग बॅटरी संपत आल्याची खूण दिसू लागली आणि तो म्हणाला, "घरी चार्ज करा सर, चार्जर देतोच आहे."

कार्ड मात्र त्याने काढून घेतले. "माझ्याकडे एकच आहे, उद्या शूट आहे," असे म्हणाला. पाठोपाठ, मी न मागताच, अतिशय मोकळेपणाने त्याने मला तीन दिवसांची हमी दिली: काहीही अडचण आली तर तीन दिवसांत कॅमेरा परत आणा, तुमची वस्तू तुम्हाला परत. मी भारावलो. ८,००० रुपये यूपीआयने पाठवले तेव्हा पलीकडे दुसरेच नाव दिसले. तो "भावाचा नंबर" असल्याचे त्याने सांगितले. कागदावर काहीच झाले नाही. माझा कॅमेरा, मूळ बिलाची प्रत आणि दोन्ही लेन्स त्याच्या बॅगेत गेल्या, आणि मी मांडीवर एक किलोचा अभिमान घेऊन गाडीत बसलो.

कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड साताऱ्यात मी विचारलेल्या चार दुकानांपैकी एकाकडेही मिळाले नाही. दुकानदारांपैकी एका काकांनी "ती आता कोण विचारतो?" असा प्रश्न केला. कार्ड आणि रीडर दोन्ही मागवले, ते चौथ्या दिवशी आले. तीन दिवसांची हमी तीनच दिवसांची का होती, हे मला तेव्हा कळले.

सकाळी नऊच्या उन्हात मी गच्चीवर गेलो. समोर अजिंक्यतारा होता. लेन्स पूर्ण उघडी ठेवून, म्हणजे जास्तीत जास्त उजेड आत येऊ देऊन, मी पहिला फोटो घेतला. भर उन्हात, साहजिकच, वेग एक आठहजारांश सेकंदापर्यंत गेला. मागच्या पडद्यावर किल्ल्याचा खालचा उतार दिसत होता आणि वरचा जवळजवळ अर्धा फोटो काळा ठिक्कर होता. वेग एक चारहजारांशावर आणला तेव्हा पट्टी अरुंद झाली, एक हजारांशावर नुसती कडेची सावली उरली आणि एक दोनशेपन्नासांशावर फोटो स्वच्छ आला. शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो आणि दुसरा मागून झाकत येतो. वेग वाढवला की त्यांच्यातली फट अगदी चिंचोळी होते. यंत्रणा झिजून दोघांचा ताल बिघडला की मागचा पडदा पुढच्याला गाठतो आणि तेवढा भाग काळा राहतो. संथ वेगात हा दोष दिसतच नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात तर तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तिसाव्या फोटोच्या सुमारास वरच्या छोट्या पडद्यावर "एरर" लुकलुकू लागले.

मग मी फाइल संगणकावर घेतली. आकडा दोन लाख एक्केचाळीस हजारांच्या पुढचा होता. आणि या वेळी अनुक्रमांकही वाचला, कॅमेरा उलटा करून तळाच्या पट्टीवरचा आकडा वाचला, आणि त्याने पाठवलेली पहिली फाइल शेजारी उघडली. तळाचा आणि माझ्या फोटोतला क्रमांक एकच होता. त्याच्या फाइलमधला साफ निराळा. ती ३८ हजारांची फाइल दुसऱ्याच कुठल्या तरी डी ७०० ची होती. हॉटेलात फोनवर ती फाइल उघडून कॅमेऱ्याच्या तळाशी जुळवली असती, तर अर्ध्या मिनिटाचे काम होते. त्याला कार्ड लागत नाही, बॅटरी लागत नाही, ऊनही लागत नाही.

फोन केला तेव्हा तो शांत होता. "सर, तुम्ही वीस फोटो काढून, बघून घेतलात ना? आणि आज चौथा दिवस आहे." मी अनुक्रमांकाचा विषय काढताच फोन बंद झाला आणि त्यानंतर तो नंबर मला लागलेला नाही.

पुण्यातल्या एका जुन्या दुरुस्ती कारागिराने कॅमेरा पाहिला. तळाच्या स्क्रूंच्या खाचा त्यांनी मला भिंगाखाली दाखवल्या. प्रत्येक खाचेच्या कडा चुकीच्या पेचकसाने खरवडलेल्या होत्या, म्हणजे बॉडी आधी कोणीतरी उघडली होती. बॅटरीची माहिती दाखवणारा पर्याय कॅमेऱ्याच्या मेनूतच आहे, तो मला ठाऊक नव्हता. त्यात शून्य ते चार अशी आयुष्याची मोजपट्टी असते आणि माझी बॅटरी चारवर, म्हणजे शेवटाला होती. लेन्समधून त्यांनी विजेरीचा उजेड आरपार टाकला तेव्हा आतल्या भिंगाच्या कडेला बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. नवे शटर मिळणार नाही, दुसऱ्या बंद पडलेल्या बॉडीतले काढून बसवावे लागेल, खर्च साधारण साडेनऊ हजार आणि त्याचीही हमी नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मी कॅमेरा तसाच परत आणला.

पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात फसवणुकीचा गुन्हा आहे, पण ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी विचारलेले प्रश्न साधे होते आणि एकालाही माझ्याकडे धड उत्तर नव्हते. कॅमेऱ्याच्या स्थितीबद्दल त्याने काय लिहून दिले? काही नाही. पैसे कशाचे, याची नोंद? यूपीआयच्या टिपणाची जागा मी रिकामी सोडली होती. त्याचे ओळखपत्र? पाहिलेच नव्हते. "वस्तू तुम्ही स्वतः बघून घेतलीत, हा आपसातला व्यवहार आहे," असे सांगून त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, पण तिथेही समोरचा हा व्यापारी आहे हे आधी मला दाखवावे लागेल, आणि पावती नसलेल्या अदलाबदलीत ते कठीण आहे. माझ्या बाजूने एकच भक्कम पुरावा आहे: त्याने स्वतःच्या नंबरवरून पाठवलेली ती फाइल आणि तिच्यातला परका अनुक्रमांक. ती मी दोन ठिकाणी जपून ठेवली आहे. अशी मूळ फाइल तुमच्याकडे आली तर ती आहे तशीच ठेवावी, कारण दुसऱ्या ॲपमधून उघडून पुन्हा साठवली की या नोंदी पुसल्या जाण्याची शक्यता असते.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. काउंट ३८ हजार असता, शटर ठणठणीत असते, तरीही माझ्यासाठी हा सौदा तोट्याचाच होता. माझ्या कॅमेऱ्याला व्हिडिओ होता, याला नाही. माझ्याकडे दोन लेन्स होत्या, इथे एक. कणीदार फोटोंचा दोष मोठ्या प्रमाणात त्या किट लेन्सचा, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या, कमी उजेड आत घेणाऱ्या लेन्सचा होता, आणि ८,००० रुपयांत थोडी भर घालून मोटर असलेली, मोठ्या छिद्राची एक वापरलेली लेन्स मला त्याच बॉडीवर लावता आली असती. हे मला दुरुस्तीवाल्या काकांनी चहा पिता पिता सांगितले.

डिसेंबरात एका ओळखीच्याने मला नव्या जाहिरातीचा फोटो पाठवला. डी ५६००, दोन लेन्ससह, "घरगुती वापर, फक्त ४ हजार क्लिक, एक्सचेंज चालेल." मागच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढा आडवा चरा होता, तो कासच्या कातळावर कॅमेरा ठेवताना माझ्याच हातून पडलेला. मी दिला तेव्हा त्या बॉडीचा आकडा ३१ हजारांच्या वर होता. जाहिरातीचे चित्र, माझ्या पेटीवरचा अनुक्रमांक आणि माझी शेवटची मूळ फाइल असे तिन्ही मी त्या जुन्या अर्जाला जोडून पुन्हा ठाण्यात देऊन आलो आहे.