पॉवर टिलरला रोटाव्हेटर की पलटी नांगर?

लातूरच्या भाचीला घरामागच्या काळ्या रानात भाजीपाला करायचाय, पण पॉवर टिलरला (चालत हाकायचं छोटं मशागत यंत्र) या दोन्हींतलं काय जोडावं, यात अडकलीय.

आधी हरळी (मुळ्यांनी पसरणारं चिवट तण) बघ. रोटाव्हेटर तिच्या मुळ्यांचे तुकडे करतो आणि तुकडा तुकडा पुन्हा फुटतो. शिवाय ती पात्यांच्या दांड्याला गुंडाळते. इंजिन बंद करून विळ्यानं कापावी लागते. नांगर मुळ्या उलथून वर काढतो, एप्रिल-मेच्या उन्हात त्या वाळतात, वेचताही येतात. मेहनत मात्र नांगराला जास्त: लोखंडी चाकं हवीत, वर ढेकळं फोडायची उरतातच. रोटाव्हेटर माती भुसभुशीत करून शेणखतही मिसळतो. खर्चाला नांगर हलका, रोटाव्हेटरची पाती झिजतात. वाफसा (मातीत मशागतीजोगी ओल, चिखल नाही) दोघांनाही हवाच.

पडीक, हरळीची जागा असेल तर नांगर. कसलेल्या वाफ्यांना रोटाव्हेटर पुरे.