उतारावरचं घर: सपाट जोतं, खांब की टप्पे?

सातारा जिल्ह्यातल्या मेढा, बामणोली, पाटण भागात डोंगरउतारावर प्लॉट घेतला की घराचे तीन मार्ग समोर येतात. डोंगर कापून सपाट जोत्यावर बांधायचं, आरसीसी खांबांवर उचलायचं, नाहीतर उताराला धरून टप्प्याटप्प्यानं उतरवायचं. निवडताना खर्च आणि खिडकीतून दिसणारं पाणी सगळेच बघतात. माझं आग्रहानं सांगणं आहे, आधी वणवा बघा.

दिवाळीनंतर गवत वाळतं आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत कुठून ना कुठून पेटतं. आग चढाला जोरात धावते. उतार १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताजवळ येतात आणि ते पेटण्याआधीच तापवून ठेवतात. म्हणून दरीकडची बाजू सगळ्यात धोक्याची, आणि मोठ्या काचा व लाकडी डेक आपण काढतो नेमके तिकडेच.

खांबांवरच्या घराचं आकर्षण मला समजतं. माती फारशी हलवावी लागत नाही, पावसाचं पाणी खालून निघून जातं. पण त्या पोकळीत वर्षभरात पालापाचोळा येतो, मग सरपण, प्लायचे तुकडे, जुनी गादी. वाऱ्यानं आलेला एक निखारा तिथे पडला की थेट घराच्या पोटात आग. स्लॅब जळत नाही हे खरं, पण खालून जाणारे पाइप वितळतात, डेक पेटतो, काचा तडकतात आणि फुटलेल्या खिडकीतून आग आत शिरते. त्यात हा कोयनेचा पट्टा, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथलाच. उतारावर वरच्या अंगाचे खांब आखूड आणि खालचे लांब. आखूड खांब ताठ असल्यामुळे हादऱ्याचा जास्त भार त्यांच्यावर येतो आणि आधी तेच तुटतात.

सपाट जोतं वणव्यासाठी चांगलं. खाली पोकळी नाही, भोवती स्वच्छ अंगण ठेवता येतं. त्याची परीक्षा पावसाळ्यात होते. अर्धं घर कातळावर आणि अर्धं भरावावर आलं की भराव खचतो, भिंतींना तडे जातात. मागे उभा कापलेला डोंगर राहतो तो वेगळाच. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडींनी काय केलं ते आपण पाहिलं आहे. सौम्य उतार असेल तरच हा मार्ग घ्या.

मध्यम उताराला मी टप्प्यांचं घर सुचवीन. एकेका टप्प्याला चार-पाच फुटांचाच काप, प्रत्येक जोतं दगडात बंद, दरीकडे खाली आग शिरायला जागाच नाही. खर्च वाढतो, वॉटरप्रूफिंगचे सांधे वाढतात, जिने वाढतात. आई-वडील सोबत राहणार असतील तर त्यांची खोली, बाथरूम आणि स्वयंपाकघर रस्त्याच्या पातळीच्या टप्प्यावरच घ्या. ते जमत नसेल तर या घराचा हट्ट नको.

खांबांचंच घर ठरलं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून खालची पोकळी बंद करून घ्या आणि झरोक्यांना २ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची स्टीलची जाळी लावा. ऑस्ट्रेलियात एएस ३९५९ हे मानक उतार, झाडोरा आणि त्यापासूनचं अंतर बघून जागेला सहापैकी एक दर्जा देतं आणि बांधकाम त्यानुसार ठरतं. ठिणग्या रोखणारी जाळी हा त्यातला साधा, आपल्याला सहज परवडणारा भाग.

कौलारू छप्पर हवं असेल तर मंगलोरी कौलांखाली अखंड पत्रा घाला, कारण कौलांच्या फटीतून ठिणग्या वाशांवर पडतात. पन्हळी जानेवारीतच झाडून घ्या. दरीकडचं गवत वरच्या बाजूपेक्षा दुप्पट अंतरापर्यंत कापून ठेवा. पाण्याची टाकी सिमेंटची आणि घराच्या वरच्या अंगाला बांधा. वणव्यात वीज गेली तरी १० मीटर उंचीवरून साधारण एक किलो प्रेशर मिळतं, आणि नळीनं जोतं व दारं भिजवायला ते पुरतं.