न्यूर्नबर्गचा नाताळबाजार: गुरुवारी सकाळी जा, उद्घाटनाला मुळीच नको

आम्ही जर्मनीत, न्यूर्नबर्गजवळच्या एर्लांगनला राहायला आलो ते ऑगस्टअखेरीस. नोव्हेंबर उजाडला तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसात, लेकीच्या पहिलीच्या वर्गात, खालच्या मजल्यावरच्या आजींकडे, सगळीकडे एकच प्रश्न: न्यूर्नबर्गच्या ख्रिस्टकिंडलेसमार्क्टला जाणार ना? त्यातच दिवाळी आटपून सासूबाई तीन महिन्यांसाठी कऱ्हाडहून आल्या होत्या, बॅगेत भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला घेऊन. त्यामुळे हा अभिप्राय चार जणांचा आहे आणि चौघांचं एकमत नाही. 2025 च्या नोव्हेंबरअखेरीपासून नाताळपर्यंत आमच्या चार खेपा झाल्या, म्हणून थोडं हक्काने लिहिते.

पहिली खेप फसली. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला बाजाराचं उद्घाटन असतं. 2025 साली तो 28 नोव्हेंबर होता. एर्लांगनहून गाडीने वीसेक मिनिटं, स्टेशनपासून चालत पंधरा, असा सोपा हिशेब करून निघालो आणि क्योनिगश्ट्रासवरच गर्दीत अडकलो. हाउप्टमार्क्ट चौकात शिरायलाही जागा नव्हती. दिवे मालवले, फ्राउएनकिर्श या चर्चच्या सज्जात सोन्याचा मुकुट आणि सोनेरी कुरळे केस असलेली एक मुलगी उभी राहिली आणि काव्यात काहीतरी सांगू लागली. माझ्या जर्मनला त्यातला ‘किंडर’, म्हणजे मुलं, हा एकच शब्द सापडला. लेक बाबाच्या खांद्यावर होती, तिने वरून विचारलं, “देवी आहे का ती?”

देवी नाही, पण फार लांबही नाही. ती ख्रिस्टकिंड, नाताळच्या भेटी आणणारी इथली देवदूतासारखी व्यक्तिरेखा; बाजाराचं नावही तिच्यावरून. दर दोन वर्षांनी शहरातल्या सोळा ते एकोणीस वयाच्या मुलींमधून एकीची निवड होते. 2019 साली निवड झालेल्या बेनिग्ना मुन्सीचे वडील मूळचे भारतीय. तिच्या दिसण्यावरून कुणीतरी फेसबुकवर खवचट लिहिलं, तेव्हा शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं होतं. हे मला नवऱ्याच्या सहकाऱ्याने जरा अभिमानाने सांगितलं. मला सज्जातल्या मुलीचं कौतुक वाटलं ते वेगळ्याच कारणाने: तेवढ्या थंडीत, तेवढ्या उंचीवर, एकही शब्द न अडखळता!

सासूबाईंना मात्र समोरच्या माणसाच्या पाठपिशवीशिवाय काही दिसलं नाही. “वारीत कधी चेंगरले नाही, ती इथं येऊन चेंगरणार का मी?” एवढं म्हणून त्या मागे फिरल्या आणि आम्ही त्यांच्या मागे. तेव्हा लहान मूल किंवा वडीलधारं माणूस बरोबर असेल तर उद्घाटन टाळा.

दुसरी खेप 4 डिसेंबरची, आणि सगळा बाजार मला दिसला तो त्या दिवशी. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, शिवाय दत्तजयंती. सासूबाईंनी सकाळी घट मांडला, पूजा केली आणि स्वतःच म्हणाल्या, चल, आता गर्दी नसेल. लेक चारपर्यंत शाळेत. आम्ही दोघीच दहाच्या ठोक्याला, बाजार उघडताना, तिथे हजर.

सकाळी दहाला हा बाजार अगदी निराळा असतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांच्या लाकडी टपऱ्या ओळीने उभ्या. या बाजाराला ‘लाकडा-कापडाचं गाव’ म्हणतात ते तेव्हा पटतं. धुकं होतं, टपरीवाल्या बायका हातमोजे घालून माल मांडत होत्या. आणि शांतता. लाउडस्पीकर नाही, रेकॉर्ड केलेली गाणी नाहीत, प्लास्टिकच्या माळा नाहीत. इथल्या मुख्य चौकात या तिन्ही गोष्टींना मनाई आहे, पाळण्यांनासुद्धा. गणपतीत आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना दोन मंडळं आणि मध्ये आमचं घर, अशी आयुष्याची तीस वर्षं काढलेल्या बाईने या एका नियमासाठी अख्खा एक तारा जास्त दिला आहे.

खाण्याचं सविस्तर सांगते, कारण इथे मराठी घरांचा गोंधळ होतो. मार्गशीर्ष पाळत असाल तर अर्धा बाजार बाद. बटाट्याचे कार्टोफेलपुफर म्हणजे किसलेल्या बटाट्याचं कुरकुरीत थालीपीठच, वर सफरचंदाचा गोड गर. पण त्यात बहुतेक ठिकाणी अंडं असतं. आम्ही विचारलं त्या टपरीवरच्या बाईने आधी “वेगेटारिश, या या”, म्हणजे ‘शाकाहारी, हो हो’, म्हणून मान डोलावली आणि अंड्याचं विचारल्यावर “हो, अंडं तर असणारच” म्हणून पुन्हा तेवढीच डोलावली. तेव्हा ‘शाकाहारी आहे का’ एवढ्यावर थांबू नका, ‘आय’ आहे का असंही विचारा. जर्मनमध्ये आय म्हणजे अंडं. सासूबाईंना हा शब्द पहिल्या फटक्यात पाठ झाला, आणि हाक मारल्यासारखा लांबवून त्या तो प्रत्येक टपरीवर विचारत सुटल्या.

त्यांचा तर उपासच होता. पुढच्या गाडीवर चेस्टनट भाजत होते, इथे त्यांना मारोनी म्हणतात. वरच्या सालीला चीर दिलेली, भाजून ती उकललेली, आतून पिवळसर गर. कागदाच्या पुडीत घेतले. सासूबाईंनी एक सोलला, वास घेतला, अर्धा तोडून बघितला आणि जाहीर केलं, “शिंगाडा चालतो तर याला काय झालंय?” चव म्हणाल तर भाजलेल्या रताळ्याच्या जवळची, जरा कोरडी. उपासाला चालतो की नाही यावर संध्याकाळी कऱ्हाडला फोन झाला, दोन नणंदांमध्ये दोन मतं पडली. तोवर पुडी संपली होती.

लेबकुखन, म्हणजे मध-मसाल्याचा नाताळचा केक, घ्याच, पण कुठला ते बघून. न्यूर्नबर्ग हे मसाल्याच्या जुन्या व्यापारवाटांवरचं शहर, आणि आसपासच्या जंगलात मध मुबलक. त्या दोन्हींतून हा पदार्थ इथला झाला. 1996 पासून ‘न्यूर्नबर्गर लेबकुखन’ हे नाव युरोपात संरक्षित आहे, आपल्या जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनासारखं. यात एलिझेन नावाचा प्रकार सगळ्यात वरचा: किमान 25 टक्के बदाम, हेझलनट किंवा अक्रोड आणि पीठ 10 टक्क्यांच्या वर नाही. खाली पातळ पांढरी चकती असते, तो कागद नव्हे. मी पहिल्यांदा सोलून फेकली, शेजारी उभ्या आजोबांनी काही न बोलता स्वतःची चकतीसकट खाऊन दाखवली. दालचिनी, लवंग, वेलची, धने, जायपत्री. सासूबाईंनी पिठात अंडं आहे हे कळल्यावर फक्त हुंगला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर आपला गोडा मसाला, साखर घालून.” त्यानंतर मला लेबकुखन खाताना आमटीची आठवण येते, त्याला इलाज नाही. भाजून साखरेत घोळवलेले बदाम घेऊ नका असं म्हणत नाही, पण आपल्या साखरफुटाण्यांपुढे आणि चिक्कीपुढे त्यांचं विशेष काही नाही.

बाराला फ्राउएनकिर्शसमोर उभं राहा. 1509 पासूनचं घड्याळ आहे, ठोके पडले की सात राजपुरुषांच्या बाहुल्या सम्राट चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या घालतात. सासूबाईंनी खालून हात जोडले. कुणाला ते मी विचारलं नाही.

याच बाजारात सुक्या आलुबुखाराच्या बाहुल्या मिळतात, झ्वेच्गनमेनले. हातपाय सुक्या फळांचे, डोकं अक्रोडाचं, वर रंगवलेलं तोंड. कुणी धुराडी साफ करणारा, कुणी नवरा-नवरी. हे इथलं खास काम, घ्यायचं तर हेच घ्या. मी आधी एक लाकडी चांदणी घेतली, ‘हाताने केलेली’ म्हणून, घरी येऊन उलटी केली तर खाली दूरदेशीच्या कारखान्याचं चिकटपत्र. टपरी कुठली ते आठवत नाही आणि आठवली तरी लिहिणार नाही. घेण्याआधी वस्तू उलटी करून बघा, तुळशीबागेत बघतो तशी.

तिसरी खेप 22 तारखेला, मार्गशीर्ष संपल्यावर, खास नवऱ्यासाठी. महिनाभर या माणसाने सॉसेजच्या धुराकडे बघून दिवस काढले होते. इथलं रोस्टब्राटवुर्स्ट बोटाएवढं असतं, सात ते नऊ सेंटीमीटर, आणि त्यात मार्जोरम नावाच्या सुगंधी पाल्याचा वास. ‘द्राय इम वेगला’ म्हणायचं की पावात तीन घालून देतात. त्याने तीन खाल्ली, मग आणखी तीन, आणि अभिप्राय विचारल्यावर फक्त मान हलवली. लेकीला शाळेची सुट्टी लागली होती, तिला जवळच्या हान्स-साक्स-प्लात्सवरच्या मुलांच्या बाजारात नेलं. पाळणे इथे आहेत: दुमजली मेरी-गो-राउंड, छोटी आगगाडी. मुलं असतील तर आधी इथेच या, मुख्य चौक नंतर.

कपाचा एक त्रास सांगून ठेवते. ग्लूवाईन, म्हणजे गरम मसालेदार वाईन, किंवा मुलांसाठीचा बिनदारूचा गरम पुन्श चिनी मातीच्या कपात देतात, वर कपाची अनामत घेतात. आम्ही हिंडत हिंडत प्यायलो, दुसऱ्या टोकाला कप परत करायला गेलो तर त्या टपरीने हात वर केले, जिथून घेतला तिथेच द्या. ती टपरी आता माणसांच्या भिंतीपलीकडे. दोन कप घरी आले. जिथून घ्याल तिथेच उभं राहून प्या. सुटे युरो जवळ ठेवा, आणि किमतीचा रुपयांत हिशेब करू नका. आमच्याकडे हा नियम नवऱ्याने केला आणि पहिल्या कपाला त्यानेच मोडला.

चौथ्यांदा मी एकटीच गेले, 24 तारखेला दुपारी एकला, उरलेला लेबकुखन घ्यायला. दोनला बाजार उठतो. कापडं सोडवणं चालू होतं, एक बाई शेवटच्या बाहुल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मला वाटलं, येताना दूध घेऊ. एर्लांगनला पोहोचले तोवर सगळी दुकानं बंद, आणि नंतरचे दोन दिवसही सुट्टीचेच. आपल्याकडे सणाला दुकान जास्त वेळ उघडं असतं, ही सवय इथे नडते. चौघांत अर्धा लिटर दूध, आणि सासूबाईंना दिवसाला तीन चहा. संध्याकाळी खालच्या आजींनी ताटली भरून घरची बिस्किटं आणून दिली, अर्धचंद्राच्या आकाराची, तोंडात विरघळणारी, अगदी नानकटाईच्या कुळातली. ताटली रिकामी परत द्यायची नाही, म्हणून सासूबाईंनी शेवटचे चार रव्याचे लाडू त्यात ठेवले. आजींनी ते घेतले, घरात गेल्या आणि एक लिटर दुधाचा खोका घेऊन आल्या. दूध हवंय हे आम्ही बोललोच नव्हतो. बहुधा जिन्यात ऐकू गेलं असेल.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. लेकीकडून पाच, नवऱ्याकडून सॉसेजला पाच आणि किमतींना एक. सासूबाई जानेवारीत परतल्या, लेबकुखनचे दोन पत्र्याचे डबे घेऊन. परवा फोनवर सांगत होत्या, लेबकुखन शेजारपाजारी वाटून संपला, “वास भारी होता म्हणतात सगळे.” एका डब्यात आता शेंगदाण्याचं कूट आहे, दुसऱ्यात सुयादोरा.