पाणी कुठलं, पेरतं कोण? फॉलआउटच्या तीन जगांची तुलना

ओलितासाठी रात्री लाइनची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांतून कुठल्याही उजाड जगाला पहिला प्रश्न हाच. अणुयुद्धानंतरच्या उजाड अमेरिकेत घडणाऱ्या ‘फॉलआउट’ या व्हिडिओ गेम मालिकेतला ‘फॉलआउट ३’ (२००८) इथंच अडखळतो. त्यातल्या मेगाटन या वस्तीभोवती शेतच नाही. ‘न्यू व्हेगास’मध्ये (२०१०) गुडस्प्रिंग्ज या गावाला झरा आहे, बटईदार पाण्यासाठी हवालदिल आहेत, आणि अख्खी लढाई हूवर धरणासाठी. लेखन असं हवं! गुडस्प्रिंग्जहून उत्तरेला मात्र जाऊ नका, डेथक्लॉ नावाचे राक्षसी प्राणी फाडून टाकतात. पीसीवर हा ३२-बिट गेम २ जीबी मेमरी भरली की बंद पडतो. आधी ही मर्यादा वाढवणारा ‘४ जीबी पॅच’ टाका. ‘फॉलआउट ४’मध्ये (२०१५) शेती आहे, एक माणूस अन्नाची ६ एककं पिकवतो, पण संवाद चार पर्यायांत कोंडलेले. लोडशेडिंगआधी सेव्ह हातानं करा.