टांझानियातल्या मोशीच्या प्रसूती दवाखान्यात साडेपाच महिने: जाऊन आल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. तुम्ही नर्स, एएनएम किंवा डॉक्टर असाल, किमान चार महिने काढता येत असतील आणि स्वाहिली शिकायची तयारी असेल, तर टांझानियात सेवा करायला जरूर जा. पंधरा दिवसच हाताशी असतील तर किलिमांजारो बघा, झांझिबार बघा, पण लेबर रूममध्ये शिरू नका.

मी सांगली जिल्ह्यात बावीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली चौदा लेबर रूममध्ये. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सप्टेंबरात मोशीला गेले, फेब्रुवारीच्या मध्यावर परतले. मोशी हे किलिमांजारोच्या दक्षिण पायथ्याचं शहर. दवाखाना लहान. येणाऱ्या बायका बहुतेक चागा आणि पारे समाजाच्या, कधी खालच्या माळरानावरून आलेली एखादी मासाई बाई. दवाखान्याचं नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

पहिली तक्रार मला पाठवणाऱ्या एजन्सीची. महिन्याला पाऊण लाख रुपये घेतले, राहणं-जेवण धरून. त्यातून दवाखान्याला काय मिळतं, हे मी तिथल्या इनचार्ज सिस्टरना विचारलं. माझ्या नावावर हातमोज्यांचे दोन खोके आले होते, बस्स. त्याच एजन्सीतर्फे एकोणीस वर्षांची एक मुलगी आली होती. नर्सिंगचं शिक्षण नाही, पण हौस दांडगी. तिला थेट प्रसूतीच्या टेबलापाशी उभं केलं आणि तिनं मोबाइल काढला. मी तिला हाताला धरून बाहेर नेलं. आपल्या गावात कुणी परकी मुलगी बाळंत होणाऱ्या बाईचा फोटो काढायला लागली तर आपण चालवून घेऊ का? मोबाइल काढला त्या मुलीनं, पण त्याहून मोठा दोष तिला आत सोडणाऱ्यांचा. दोन महिन्यांनी मी एजन्सी सोडली, दोन लाख शिलिंगाला स्वतः खोली भाड्यानं घेतली (एका रुपयाला साधारण तीस शिलिंग धरा) आणि दवाखान्याशी सरळ बोलणी केली. तेव्हापासून सगळं सुरळीत झालं.

कागदपत्रांची तयारी निघण्याच्या चार-पाच महिने आधी सुरू करा. परदेशी नर्सला टांझानिया नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी करावी लागते. त्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. आपल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे कागद त्यासाठी लागतात. स्वयंसेवकाला निवास परवाना सी वर्गाचा मिळतो. माझा प्रवास अदिस अबाबावरून होता, म्हणजे पिवळ्या तापाचा धोका असलेल्या इथिओपियातून, म्हणून त्या तापाची लस घेतली. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. आणि सामान प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत भरू नका. 1 जून 2019 पासून त्या देशात त्यांवर बंदी आहे.

आता मुख्य गोष्ट. पहिला दीड महिना माझा तिथे काही उपयोग नव्हता. हात चालत होते, कान चालत नव्हते. कळा देणाऱ्या बाईला काय होतंय हे तिच्या तोंडून कळलं नाही, तर अनुभवाचं करायचं काय?

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पहिलटकरीण, सकाळी दहाला आली. पाणमोट कधी फुटली विचारलं. म्हणाली, "सा तातू उसिकू." सा म्हणजे वाजले, तातू म्हणजे तीन, उसिकू म्हणजे रात्री. मी केसपेपरवर पहाटे तीन लिहिलं. ड्यूटीवरच्या सुईणीनं (तिथे 'मकुंगा' म्हणतात) कागद बघितला, बाईला पुन्हा विचारलं, माझा आकडा खोडला आणि रात्रीचे नऊ लिहिले. स्वाहिलीत दिवस सकाळी सहाला सुरू होतो. सातला एक वाजला म्हणतात, नऊला तीन. संध्याकाळी सहानंतर पुन्हा एकपासून. म्हणजे पाणी जाऊन सात नव्हे, तेरा तास झाले होते. जितका वेळ जाईल तितका संसर्गाचा धोका वाढतो. सहा तासांची चूक लेबर रूममध्ये लहान नसते. आई-बाळ दोघं सुखरूप राहिले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वही आणली आणि एका बाजूला त्यांचं घड्याळ, दुसऱ्या बाजूला आपलं, असे दोन रकाने आखले. मग सुट्ट्यांचं वेळापत्रकही बदललं.

तोवर सुट्टी म्हणजे एजन्सीच्या गाडीतून भटकंती. चेमका झऱ्यावर गेले होते. उंबर-वडाच्या जातीच्या झाडांची मुळं पाण्यात उतरलेली, निळंशार कोमट पाणी. 'गरम पाण्याचे झरे' असं नाव ऐकून वज्रेश्वरीसारख्या कुंडांची अपेक्षा ठेवू नका. जागा सुंदर आहे, पण दिवसभर आमचे आम्हीच बोलत बसलो. वहीनंतर मी एकटी बाजारात जाऊ लागले, दालादालाने, म्हणजे तिथल्या वडापच्या (शेअर) गाडीने.

बाजारात भाषा भराभर येते. मराठी माणसाला तर अर्धे शब्द ओळखीचे वाटतात: दुका म्हणजे दुकान, साबुनी म्हणजे साबण, कलामू म्हणजे कलम, बिमा म्हणजे विमा, दावा म्हणजे औषध. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला काचुंबारी म्हणतात. मचिचाची जुडी हातात घेतली तर ती चक्क आपली माठाची भाजी. फक्त 'मामा' या शब्दाची सवय व्हायला वेळ लागला, कारण तिथे मामा म्हणजे आई. लेकुरवाळीला तिच्या नावानं हाक मारत नाहीत, मुलाचं नाव जोडून 'अमक्याची मामा' म्हणतात. आमच्या आजीलाही गावात सगळे 'दिनूची आई'च म्हणायचे.

कांगा मी बाजारातच वाचायला शिकले. कांगा म्हणजे सुती छापील कापड, जोडीनं विकतात, आणि प्रत्येकावर एक ओळ छापलेली असते. बाळंतपणाला बाई दोन-तीन कांगा घेऊन येते. एक अंथरायला, एक नेसायला, एकात बाळ गुंडाळायचं. ऑक्टोबरात, शहरातली जाकारंदाची झाडं जांभळ्या फुलांनी भरली होती तेव्हा, एका बाईच्या कमरेच्या कांगावर मी ओळ वाचली, "नानी कामा मामा." आईसारखं कोण! मी ती मोठ्यानं म्हटली. दोन कळांच्या मधे ती बाई हसली आणि तिनं माझा हात धरला. त्यानंतर 'पुमुआ' म्हटलं की श्वास घ्यायची, 'सुकुमा' म्हटलं की जोर करायची, 'बाडो' म्हटलं की थांबायची. तिला वाट दाखवायला मला त्या क्षणी तेवढे तीन शब्द पुरले. आणखी एक शब्द आहे, 'पोले'. ज्याला दुखतंय, ज्याचं काही बिघडलंय, त्याला म्हणायचा. माफी नाही, सांत्वनही नाही. 'तुझं दुखणं मला दिसतंय' एवढाच अर्थ. कमर चोळताना मी तो शेकडो वेळा म्हटला.

डोंगरावरच्या मातेरुनी गावात लोक धबधब्यासाठी जातात. धबधबा चांगलाच आहे, वाटेत केळीच्या सावलीतली कॉफी लागते. माझ्यासाठी मात्र तिथलं एक स्वयंपाकघर मोलाचं ठरलं. एका आज्जींना 'शिकामू' म्हणून नमस्कार केला (मोठ्यांना हेच म्हणायचं, त्या 'मराहाबा' म्हणतात) आणि त्यांनी म्तोरी वाढली. कच्ची केळी आणि गोमांस शिजवून घोटलेलं दाट सार. मी मांस खात नाही. त्यांनी राग न मानता माझ्यापुरती नुसती केळी उकडली. बाळंतिणीला हीच म्तोरी देतात, अंगात ताकद येते, दूध येतं, असं त्या सांगत होत्या. आपल्या डिंकाच्या लाडवाची नि अळिवाच्या खिरीची जागा तिथे म्तोरीची. मला लाज वाटली. दवाखान्यात नातेवाईक थर्मास आणायचे, ते मी चहाचे समजत होते आणि 'काही पौष्टिक आणा' असं त्यांना बजावत होते.

कामाबद्दल म्हणाल तर तिथल्या सुईणींना शिकवायला गेले होते, शिकून आले. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने (तोंडा-नाकावर मास्क धरून, पिशवी दाबून हवा देत) श्वास सुरू करायचा. याचा सराव त्या बाहुलीवर नेमानं करतात. या प्रशिक्षणाचा टांझानियातल्या आठ रुग्णालयांतला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतरच्या 24 तासांतले बालमृत्यू 47 टक्क्यांनी घटले होते. देशाच्या सर्वेक्षणात 2015-16 मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे 556 मातामृत्यू होते, 2022 च्या सर्वेक्षणात 104. हे आपण जाऊन वाचवलेले जीव नाहीत. तिथल्या सुईणी तुटपुंज्या सामानात रात्रंदिवस राबतात. हातमोजे, ब्लेड, कापूस बाईनं घरून आणायचा, हे मला शेवटपर्यंत खटकत राहिलं.

माझा खरा उपयोग झाला तो बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या कामांत. बाळंतपणानंतर रक्त थांबवायला देतात ते ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, आणि नोव्हेंबरच्या पावसात वीज वरचेवर जायची. फ्रिजचं तापमान लिहिणं, बर्फाचे पॅक बदलणं, हे मी अंगावर घेतलं. केसपेपर पूर्ण करणं, रात्रभर एका बाईच्या उशाशी बसणं. दोन सुईणी आणि पाच बायका अशी रात्र असली की उशाशी बसायला माणूसच नसतं.

बाकीच्या सुट्ट्या थोडक्यात. किलिमांजारोच्या मारांगू गेटवरून मांदारा हटपर्यंत (साधारण 2,700 मीटर) गाइड घेऊन एका दिवसात जाऊन येता येतं. प्रवेश शुल्क जबर आहे, पण जंगलात काळी-पांढरी कोलोबस माकडं दिसतात. शिखर पहाटे नाहीतर संध्याकाळी बघा, दुपारी ढगात असतं. नाताळात दार-एस-सलामहून बोटीनं झांझिबारला गेले. पाचगणीच्या शाळेत शिकलेला गायक फ्रेडी मर्क्युरी इथलाच, म्हणून त्याच्या घरापाशी गर्दी असते. मी मात्र स्टोन टाउनच्या, म्हणजे तिथल्या जुन्या शहराच्या, बंदरासमोरच्या जुन्या दवाखान्यापाशी तासभर थांबले. कोरीव लाकडी सज्जांची ती इमारत थारिया टोपण या भारतीय व्यापाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतली.

निघताना सगळ्या सुईणींना 'शिकामू' म्हटलं, वयानं लहान असलेल्यांनाही, आणि त्या हसल्या. वही पुढच्या येणारीसाठी लेबर रूमच्या कपाटात ठेवली. पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलंय: सा तातू म्हणजे नऊ.