क्रेडिट फ्रीझ आणि फ्रॉड अलर्ट: अमेरिकी ग्राहकाने काय निवडावे?

ओळखचोरी रोखण्यासाठी अमेरिकेच्या संघीय कायद्याने ग्राहकाला दोन साधने दिली आहेत. फ्रॉड अलर्ट लावल्यास कर्जदात्याला नवे खाते उघडण्यापूर्वी अर्जदाराची ओळख पडताळावी लागते. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन किंवा ट्रान्सयुनियन या पतअहवाल (म्हणजे ग्राहकाच्या कर्जव्यवहारांची नोंद) ठेवणाऱ्या संस्थांपैकी एकीला कळवले की ती उरलेल्या दोघींना कळवते. हा इशारा १ वर्ष टिकतो. चोरीची रीतसर तक्रार नोंदवलेल्यांना तो ७ वर्षांसाठी मिळतो.

फ्रीझ याहून कडक आहे, कारण त्यात नव्या कर्जदात्याला पतअहवालच पाहता येत नाही आणि अहवालाशिवाय सहसा कोणी कर्ज देत नाही. तो तिन्ही संस्थांकडे स्वतंत्रपणे लावावा लागतो, हा त्रास खराच. पण २१ सप्टेंबर २०१८ पासून तो निःशुल्क आहे आणि ऑनलाइन किंवा फोनवर मागणी केल्यास संस्थेला तो तासाभरात उठवावा लागतो. २०१७ मध्ये इक्विफॅक्समधून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, हे लक्षात घेता, नजीकच्या काळात कर्ज घ्यायचे नसेल तर फ्रीझच निवडावा, असे माझे ठाम मत आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हाच सल्ला देईन. आधीपासून असलेल्या खात्यांवरील गैरव्यवहार मात्र या दोन्हींपैकी एकानेही थांबत नाही.