धूर धुवायचा की गाळायचा?

परवा एका मित्राचा मेसेज आला, हॉस्पिटलच्या कचऱ्याची भट्टी आहे, धुरासाठी पाण्याचा व्हेंच्युरी स्क्रबर (अरुंद गळ्यातून धूर ओढून पाण्याच्या फवाऱ्याने धुणारं यंत्र) ठेवू का धुरात चुना-कार्बनची पूड मारून बॅग फिल्टर (धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्या) लावू? कोटेशनवाले दोघंही 'शून्य प्रदूषण' म्हणतायत, ते सोड.

पहिला खर्च स्क्रबरचा कमी, पण धूर ओढायला पंखा दणकट लागतो, वीजबिल तिथेच फुगतं, वर कॉस्टिक सोडा, आणि धुतलेलं पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, घालावंच लागतं, म्हणजे हवेतली घाण पाण्यात आली एवढंच. मी एका ठिकाणी स्क्रबरपुढचा डक्ट, म्हणजे धूर नेणारा पाइप, बघितलाय, बोट लावलं की गंजाचे पापुद्रे हातात. एक मात्र खरं, पाण्याने धूर झटकन गार होतो, त्यामुळे डायॉक्सिन (जळताना तयार होणारं विषारी रसायन) पुन्हा तयार व्हायला वेळ मिळत नाही.

बारीक धूळ पकडण्यात बॅग फिल्टरच सरस, कार्बनने पारा आणि डायॉक्सिनही पकडले जातात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत धुळीची मर्यादा घनमीटरला 50 मिलिग्रॅम आणि डायॉक्सिनची 0.1 नॅनोग्रॅम आहे, तिथे हाच बरा. पण नखरे फार! ठिणगी गेली की पिशवीला भोक, धूर जास्त गार झाला की ओल धरून चुन्याचा लगदा. राखही घातक कचऱ्यात.

भट्टीच्या दुसऱ्या चेंबरला, जिथे धूर पुन्हा जाळतात, 1050 अंश सेल्सिअस टिकत नसतील तर आधी बर्नर बघ बाबा.

रोज पेटव-विझव, छोटी भट्टी, ईटीपी आहेच, तर स्क्रबर. चोवीस तास चालते आणि शेजारी वस्ती आहे, तर बॅग फिल्टर.